'सर्वात लोकप्रिय कोण?' हे निरोपाच्या रात्री विचारू नका

एका शिक्षिकेचा प्रश्न आला आहे. शाळेतल्या शेवटच्या वर्षाच्या मुलांचा निरोपाचा डान्स ठरतोय. मुलांच्या समितीला मतदान घेऊन 'किंग', 'क्वीन', 'सर्वात लोकप्रिय', 'बेस्ट लुकिंग' अशी बक्षिसं द्यायची आहेत. काही पालकांना कल्पना आवडली आहे, दोन शिक्षकांचा विरोध आहे आणि निर्णय या बाईंवर येऊन पडला आहे. त्या विचारतात, "नाही म्हटलं तर मुलांचा शेवटचा आनंद आम्हीच हिरावला असं होईल का?"

मी गेली 24 वर्षं शाळांमध्ये समुपदेशक म्हणून काम करते. आडपडदा न ठेवता सांगते. डान्स जरूर करा, दणक्यात करा. ही बक्षिसं मात्र ठेवू नका.

हे मी पहिल्यापासून म्हणत नव्हते. सुरुवातीच्या वर्षांत एका शाळेत अशी मतदानं मी स्वतः घेतली आहेत. बुटांच्या खोक्याला वर फट पाडून मतपेटी केली होती आणि डान्सच्या चार दिवस आधी शाळा सुटल्यावर मी आणि एक सहकारी शिक्षिका चिठ्ठ्या मोजायला बसलो. मुलींच्या गटात 112 चिठ्ठ्या होत्या. पहिलीला 29 मतं, दुसरीला 24, तिसरीला 17. उरलेल्या चिठ्ठ्यांवर कुठे दोन, कुठे एक अशी विखुरलेली नावं होती, काही कोऱ्या होत्या. आम्ही 29 मतांवर गोल केला आणि खाली 'विजेती' लिहिलं. तिचं नाव जवळजवळ तीन चतुर्थांश मुलांनी लिहिलेलंच नव्हतं, हे तेव्हा माझ्या ध्यानातही आलं नाही.

मुलांच्या चिठ्ठ्या उघडल्या तेव्हा एका मुलाचं नाव 11 वेळा आलं. हा मुलगा मधल्या सुट्टीत ग्रंथालयाच्या बाहेरच्या पायरीवर एकटा बसायचा. माझ्या मनात आलं, बघा, पोरांनी याची दखल घेतली! मग त्या अकरा चिठ्ठ्या मी शेजारी शेजारी मांडल्या. सगळ्यांवर एकाच हिरव्या पेनाची शाई होती आणि प्रत्येक नावापुढे तीन-तीन उद्गारचिन्हं. माझ्या पोटात गोळा आला. पहिल्या तिघांत तो नव्हता, त्यामुळे स्टेजवरून त्याचं नाव पुकारलं गेलं नाही आणि आम्ही मनातल्या मनात सुटकेचा निःश्वास टाकला. पण ज्यांनी चिठ्ठ्या लिहिल्या होत्या त्यांनी त्याला ते आधीच सांगून टाकलं होतं. डान्सच्या रात्री तो आला नाही. कपडे शिवून घेतले होते, असं त्याच्या आईने नंतर मला सांगितलं.

आणि जी जिंकली ती? आठवडाभराने शाळेत कागदपत्रं न्यायला आली तेव्हा माझ्या खोलीत डोकावली. 29 हा आकडा तिला कुठून तरी कळला होता. म्हणाली, "मॅडम, आमच्या ग्रुपमध्येच 34 जण आहेत. मग मला कोणी दिलं नाही?" त्या पोरीने रात्र रात्र जागून मैत्रिणींची यादी तपासली होती. जिच्या डोक्यावर मुकुट ठेवला तीसुद्धा आपल्याला कोण नाकारतंय हेच मोजत बसली होती. त्या दिवसानंतर मी पुन्हा कधी तसली मतपेटी हातात घेतली नाही.

आता मूळ शब्दाकडे येऊ, कारण घोळ तिथेच आहे. 'लोकप्रिय' म्हणजे लोकांना प्रिय. पण वर्गात "सर्वात पॉप्युलर कोण?" असं विचारलं की मुलं "मला कोण आवडतं?" याचं उत्तर देत नाहीत. "कोणाचं चालतं, कोणाभोवती घोळका असतो, कोणाला दुखवलेलं परवडत नाही?" याचं उत्तर देतात. या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत आणि तसं फक्त माझंच म्हणणं नाही. जेनिफर पार्कहर्स्ट आणि अँड्रिया हॉपमायर यांनी सातवी-आठवीच्या मुलांवर केलेला अभ्यास 1998 साली प्रसिद्ध झाला. मुलांनी 'पॉप्युलर' म्हणून सांगितलेली मुलं आणि खरोखर अनेकांना आवडणारी मुलं या दोन याद्यांत थोडीच नावं सारखी निघाली. जे आवडते होते ते मायाळू, भरवशाचे म्हणून ओळखले जात होते. जे नुसते 'पॉप्युलर' होते, त्यांच्याबद्दल दबदबा आणि आक्रमकपणा हे शब्द पुढे आले.

त्याआधी 1982 मध्ये जॉन कोई, केनेथ डॉज आणि त्यांच्या सहकारी हायडी कोपोटेली यांनी एक वर्गवारी मांडली, ती मी आजही कामात वापरते. त्यांनी मुलांना दोन प्रश्न विचारले: कोण सर्वात जास्त आवडतं आणि कोण सर्वात कमी? दोन्ही उत्तरं एकत्र ठेवल्यावर वर्गात काही गट दिसले. बहुतेकांना आवडणारे, बहुतेकांना नकोसे वाटणारे, ज्यांचं नाव दोन्हीकडे क्वचितच येतं असे दुर्लक्षित, आणि चौथा गट फार महत्त्वाचा, काहींचे अगदी लाडके आणि काहींना अजिबात न खपणारे. उरलेले मधले. मतपेटीत फक्त पहिलाच प्रश्न असतो. 'कमी आवडतं' याला तिथे रकाना नाही, आणि तो असूही नये. त्यामुळे ज्याच्या जाचाला अर्धा वर्ग कंटाळलेला आहे असा चौथ्या गटातला मुलगा एका घट्ट टोळक्याच्या मतांवर सहज निवडून येऊ शकतो. मग शाळा स्वतःच्या स्टेजवरून, मुख्याध्यापकांच्या हाताने, त्याला 'लोकप्रिय' म्हणते. ज्यांनी त्याच्यापायी तीन-चार वर्षं त्रासात काढली ती मुलं खाली बसून टाळ्या वाजवतात. वाजवाव्याच लागतात.

'कोण आवडतं' हे विचारणंच वाईट, असं मात्र मी म्हणत नाही. जेकब मोरेनो या मानसोपचारतज्ज्ञाने 1930 च्या दशकात मुलांना "शेजारी कोणी बसावंसं वाटतं?" असं विचारून वर्गातल्या नात्यांचे नकाशे काढले. ती पद्धत आजही उपयोगी आहे, मी अनेकदा वापरली आहे. पण ती उत्तरं शिक्षकाच्या कपाटात कुलूपबंद राहतात. त्यांचा उपयोग एकट्या पडलेल्या मुलाला योग्य शेजारी मिळवून देण्यासाठी होतो. डान्समध्ये तोच प्रश्न उलटा फिरवला जातो. ज्याला आधीच सगळं मिळालं आहे त्याच्यावर दिवा टाकायचा आणि बाकीच्यांनी अंधारातून बघायचं.

"पण बाई, जग स्पर्धेचंच आहे, धावण्याच्या शर्यतीत नाही का हरत मुलं?" हा प्रश्न मला प्रत्येक पालकसभेत येतो. शर्यतीत मुलगा हरतो तेव्हा त्याला माहीत असतं की घड्याळ काय मोजतंय. सराव करता येतो, पुढच्या वेळी दुसरी शर्यत निवडता येते, पळायचंच नाही असंही ठरवता येतं. इथे नाव न देण्याची सोयच नाही. वर्गातलं प्रत्येक मूल आपोआप उमेदवार असतं, कारण मोजलं जातंय ते त्याचं माणूस असणं. 'बेस्ट लुकिंग' तर आणखी वाईट. चेहऱ्याचा, रंगाचा, उंचीचा सराव कोणी कसा करायचा? सतरा वर्षांच्या मुलीला तुम्ही सांगताय की तुझ्या दिसण्यावर 112 जणांनी मत नोंदवलं आहे. 'किंग-क्वीन'चं म्हणाल तर त्यात जोडी असण्याचा एक दबावही येतो. ज्यांना जोडीने यायचं नाही, किंवा जे स्वतःला त्या दोन चौकटींत पाहत नाहीत, त्यांना त्या रात्री जागाच उरत नाही.

काही शाळा म्हणतात, आम्ही गमतीच्या पदव्या देतो: 'सर्वात झोपाळू', 'कायम उशिरा येणारा', 'सर्वात जास्त बोलणारी'. मला या पदव्यांची जास्त धास्ती वाटते. एक मुलगा वर्षभर वर्गात डुलक्या काढायचा. त्याला 'झोपाळू' म्हणून उशी देणार होते. तो घरी आजारी वडिलांपाशी रात्री जागायचा, हे फक्त मला आणि त्याच्या वर्गशिक्षकांना माहीत होतं. ती पदवी आम्ही यादीतून काढायला लावली, कारण मात्र सांगता आलं नाही. प्रत्येक गमतीमागे असं काही नसेलही. पण कशामागे काय आहे हे समितीतल्या मुलांना कसं कळणार?

हे सगळं वर्षाच्या मध्यावर झालं असतं तरी मी नको म्हटलं असतं. शेवटच्या रात्री तर आणखी ठामपणे म्हणते. मध्यावर मूल दुखावलं तर सोमवारी ते शाळेत येतं. कोणीतरी डबा पुढे करतं, कोणी वही मागतं, एखादी शिक्षिका पाठीवर हात ठेवते, आणि महिन्याभरात घाव भरून येतो. निरोपाच्या रात्रीनंतर सोमवार नसतो. दुरुस्तीला वेळच मिळत नाही. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन आणि सहकाऱ्यांनी 1993 साली एक साधा प्रयोग केला होता. लोकांना एकदा 14 अंश सेल्सियसच्या गार पाण्यात 60 सेकंद हात धरायला लावला. दुसऱ्यांदा तेच 60 सेकंद, आणि वर आणखी 30 सेकंद, ज्यात पाणी हळूहळू 15 अंशांपर्यंत आणलं. पुन्हा कोणतं कराल असं विचारल्यावर बहुतेकांनी लांबलेला, पण शेवट जरा सुसह्य असलेला प्रकार निवडला. हाताला झालेला त्रास आणि शाळेची दहा-बारा वर्षं एका तराजूत घालता येत नाहीत, हे मला कळतं. तरीही तिशी-चाळिशीतली माजी मुलं भेटतात तेव्हा मी पाहते, शाळेचं नाव काढलं की ती शेवटाकडूनच सांगायला लागतात. त्या रात्री कोण कोणाशी बोललं, कोण भिंतीला टेकून उभं होतं, कोणाला कोणी हाताला धरून नाचायला ओढलं.

आणि पुढे आयुष्यात नक्की काय उपयोगी पडतं? व्हर्जिनिया विद्यापीठातल्या रेचल नार, जोसेफ अ‍ॅलन आणि सहकाऱ्यांनी 169 मुलांचा वयाच्या 15 ते 25 वर्षांपर्यंत मागोवा घेतला. ते निष्कर्ष 2017 मध्ये प्रसिद्ध झाले. पंधराव्या वर्षी ज्यांची एखादी घट्ट, मनातलं बोलता येईल अशी मैत्री होती, त्यांच्यात पंचविशीपर्यंत चिंता आणि नैराश्याची लक्षणं कमी दिसली, स्वतःबद्दलचा आदर वाढलेला दिसला. समवयस्कांच्या घोळक्यात ज्यांना जास्त मागणी होती, त्यांच्यात मात्र चारचौघांत वावरण्याची भीती पुढे वाढलेली आढळली. अशा अभ्यासातून एकेका मुलाचं भविष्य काढता येत नाही. पण निरोप देताना शाळेला कशाचा गौरव करावासा वाटतो, याचा विचार करताना मला तो नेहमी आठवतो.

मग मुलांना नाही कसं म्हणायचं? मुळात बाईंनी नाही म्हणूच नये. सूचनाफलकावर 'बक्षिसं रद्द' लावलं की मुलं तेच मतदान मोबाइलवर घेतील. तिथे मोजणारं मोठं माणूस कोणी नसेल आणि हिरव्या शाईच्या चिठ्ठ्या बाजूला काढणारंही कोणी नसेल.

मी गेली अनेक वर्षं असं करते. समितीच्या पहिल्याच बैठकीत प्रत्येकाला एक कोरा कागद देते. म्हणते, कोण जिंकेल असं वाटतं, ती सहा नावं लिहा, एकमेकांचं बघू नका. दोन मिनिटांत सगळ्यांचं लिहून होतं. कागद टेबलावर पसरले की तीच ती नावं, फार तर एखादं इकडेतिकडे. मुलं हसतात. मग मी कागद उलटा करायला सांगते. मागच्या बाजूला, ही नावं पुकारली जात असताना हॉलमध्ये कोण कुठे उभं असेल, ते लिहा. इथे हात थांबतात. एकदा एका मुलीने बराच वेळ काहीच लिहिलं नाही, मग एकच नाव लिहिलं आणि कागद दुमडून माझ्या हातात दिला. नाव तिच्याच लहानपणीच्या मैत्रिणीचं होतं. दोन वर्षं दोघी बोलत नव्हत्या. त्या बैठकीत बक्षिसांवर मतदान घ्यायची वेळच आली नाही. "मॅडम, दुसरं काहीतरी करू" असं मुलंच म्हणाली.

दरवेळी इतकं सरळ होत नाही. काही समित्यांना मुकुट हवाच असतो, कारण मुकुटाचा फोटो छान येतो. त्यांचंही चुकत नाही. मग मुकुट नशिबावर सोडा. दारात प्रत्येकाला क्रमांकाचं तिकीट द्या आणि रात्री मोठ्या भांड्यातून चिठ्ठी काढा. ज्याचा क्रमांक निघेल त्याला मुकुट, पुढचं गाणं त्याच्या पसंतीचं. नशिबाने कोणाचा अपमान होत नाही. मी पाहिलंय, एकदा वर्गातल्या सर्वात अबोल मुलाचा क्रमांक लागला आणि सगळा हॉल ओरडला. कोणी त्याला निवडलं नव्हतं, म्हणून कोणी त्याला नाकारलंही नव्हतं, आणि सगळ्यांना मोकळ्या मनाने त्याच्यासाठी ओरडता आलं.

दुसरी गोष्ट, पत्रांची. याला मेहनत लागते, पण तिच्या तोडीचं दुसरं काही मला सापडलेलं नाही. डान्सच्या तीन आठवडे आधी प्रत्येक मुलाला चार नावं द्या. दोन त्याने निवडलेली, दोन तुम्ही यादीतून दिलेली. प्रत्येकासाठी तीन-चार ओळी लिहायच्या, आणि त्यात त्या व्यक्तीने केलेली एक प्रत्यक्ष गोष्ट हवी. "तू खूप छान आहेस" चालणार नाही. "गणिताच्या तासाला माझं रडू आलं तेव्हा तू फळ्याकडे जाऊन सरांना बोलण्यात गुंतवलंस", असं हवं. वर्गशिक्षकांनी एकूणएक पत्र वाचायचं. कोणाला दोनपेक्षा कमी मिळाली असतील तर शिक्षकांनी स्वतः लिहायची, आणि तीही तितकीच खरी. पाकिटं निघताना हातात द्यायची, स्टेजवर वाचायची नाहीत. मुलं ती वर्षानुवर्षं जपून ठेवतात. एकदा एक माजी विद्यार्थी नोकरीला लागल्यावर भेटायला आला, त्याच्या पाकिटात घडी पडून पडून फाटायला आलेलं ते पत्र होतं.

प्रत्येकाला एकेक बक्षीस देण्याच्या मात्र मी विरोधात आहे. शंभर मुलांना शंभर पदव्या शोधताना शेवटच्या वीस-पंचवीस जणांपाशी कल्पना आटते, आणि आपल्याला 'सर्वात नीटनेटकी वही' का मिळालं हे त्या मुलांना बरोबर कळतं.

समजा निर्णय तुमच्या हातातच नाही, वरून ठरलं आहे आणि बक्षिसं द्यायचीच आहेत. मग निदान हे पाहा. दिसण्यावर एकही बक्षीस नको. नामांकन झालेल्या प्रत्येकाला आधी एकट्याला बोलावून विचारा, नाव ठेवायचं का? नाही म्हणाला तर कारण विचारू नका. एकाच हस्ताक्षराच्या, एकाच शाईच्या चिठ्ठ्या बाजूला काढायचा अधिकार मोजणाऱ्याला द्या. आकडे कोणालाही सांगू नका, विजेत्यालाही नाही, आणि मोजून झालं की चिठ्ठ्या त्याच दिवशी फाडून टाका. घोषणा डान्सच्या मध्यावर, गाणी थांबवून करू नका. सुरुवातीलाच पाच मिनिटांत उरकून टाका, म्हणजे पुढची सगळी रात्र नाचायला मोकळी राहते.

आणि थट्टा म्हणून निवडलं गेलेलं नाव तुमच्या नजरेतून निसटून स्टेजवर पुकारलंच गेलं तर? 2012 साली अमेरिकेतल्या एका शाळेत एका मुलीला अशीच थट्टा म्हणून निवडलं गेलं. तेव्हा गावातली माणसं तिच्या पाठीशी उभी राहिली, दुकानदारांनी तिच्या कपड्यांची, केसांची सोय केली, आणि ती ताठ मानेने समारंभाला गेली. ते वाचून बरं वाटतं, पण पाठीशी गाव उभं राहील असं गृहीत धरून समारंभ आखता येत नाही. तुमच्या हॉलमध्ये असं झालं तर माइक धरणाऱ्याने पुढचं नाव लगेच घ्यायचं. एका मोठ्या माणसाने त्या मुलाजवळ जाऊन उभं राहायचं, नुसतं उभं. समजावणं, चौकशी, शिक्षा हे सगळं दुसऱ्या दिवशी. त्या मुलाच्या घरी मात्र त्याच रात्री फोन करा, तो घरी पोचायच्या आत.

बाई, तुमच्या समितीची पहिली बैठक अजून व्हायची आहे, असं तुम्ही लिहिलंय. कोरे कागद आणि पेनं बरोबर न्या, सगळी एकाच रंगाची. मुलांच्या आधी तुम्ही स्वतः तो कागद भरा, मागची बाजूसुद्धा. त्या बाजूवरच्या मुलांपैकी कोणाशी डान्सच्या आधी दोन शब्द बोलायचे राहिले असतील, तर त्यासाठी अजून वेळ आहे.